गाभ्याचे लाकूड : उष्णकटिबंधातील कठीण लाकडांचे कातकाम

पर्पलहार्ट, म्हणजे जांभळ्या गाभ्याचे लाकूड, याचा ठोकळा लेथवर चढवून पहिला काप घेतला, की आत जांभळा रंग सापडत नाही. दिसतो तो राखाडीकडे झुकणारा मातकट तपकिरी रंग, आणि ज्याने हे लाकूड केवळ तयार वस्तूंच्या रूपात पाहिले आहे त्याला आपल्या हाती भलतेच लाकूड आले असे वाटावे, इतका तो साधा असतो. जांभळी छटा नंतर येते. नुकत्याच उघड्या पडलेल्या पृष्ठभागाला हवा आणि उजेड मिळू लागला, की ती हळूहळू डोकावू लागते, काही दिवसांत पुरती भरते आणि पुढे दीर्घकाळ उन्हात राहिली तर पुन्हा तपकिरी रंगात विरून जाते. फिकट आणि मवाळ लाकडांवर हात बसल्यानंतर मी उष्णकटिबंधातील कठीण लाकडांकडे वळले, तेव्हा पहिला वाडगा याच लाकडाचा कातला. लाकडाच्या आत काय साठले आहे हे जाणून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, याची जाणीव मला त्या वाडग्याने करून दिली, आणि नंतर पडौक, कोकोबोलो, आफ्रिकन ब्लॅकवुड, लिग्नम व्हिटे अशी एकेक लाकडे हाताळताना ती अधिकच पक्की होत गेली.

झाडाच्या खोडात सालीलगतचा भाग जिवंत असतो. त्यातून पाणी वर चढते आणि त्यातल्या काही पेशी अन्न साठवून ठेवतात. खोड जाड होत गेले की आतल्या पेशी मरतात; परंतु मरण्यापूर्वी साठवलेल्या अन्नापासून त्या राळ, तेलकट द्रव्ये, रंगद्रव्ये आणि फिनॉल वर्गातील संयुगे तयार करतात, आणि ही द्रव्ये आजूबाजूच्या पोकळ्यांत व पेशींच्या भिंतींत मुरतात. गाभ्याचे लाकूड तयार होते ते असे. उष्ण, दमट जंगलांत वाळवी, भुंगेरे आणि बुरशी यांचा मारा बारमाही असतो, त्यामुळे तेथील अनेक झाडांचा गाभा या द्रव्यांनी विशेष समृद्ध असतो. कातकाम करणाऱ्याला मोहात पाडणारे सारे काही, म्हणजे रंग, गंध, हाताला जाणवणारा तुळतुळीतपणा, तेथूनच येते. आणि न चिकटणारा गोंद, न वाळणारे तेल, अंगावर उठणारे पुरळ हेही तेथूनच येते. म्हणून नवे लाकूड हाती आले, की त्याच्या रेषा न्याहाळण्याआधी त्याच्या गाभ्यात कोणती द्रव्ये आहेत आणि ती कशाशी कशी वागतात, हे मी शोधून वाचते.

ही लाकडे बहुधा मेणाचा जाड थर दिलेल्या ठोकळ्यांच्या रूपात मिळतात. मेण लावलेले असते ते टोकांकडून पाणी झपाट्याने निघून जाऊन चिरा पडू नयेत म्हणून. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की आतले लाकूड अजून ओले असण्याची शक्यता मोठी असते. मी ठोकळ्याच्या बाजूंवरचे मेण खरवडून काढते, टोकांवरचे तसेच राहू देते, वजन करून आकडा आणि तारीख त्यावरच लिहिते आणि तो सावलीत, वारा खेळेल अशा फळीवर ठेवते. ठरावीक अंतराने केलेली वजने एकसारखी येऊ लागली, की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले असे समजायचे. दाट लाकडांना यासाठी फार वेळ लागतो, आणि येथे घाई करण्यासारखे काही नसते. वाडग्यासाठी मी बहुतेक वेळा दोन टप्प्यांची रीत वापरते: ओलसर असतानाच आकार ओबडधोबड कातून भिंत व्यासाच्या एकदशांश जाडीची ठेवायची, म्हणजे २० सेंटीमीटरच्या वाडग्याला २ सेंटीमीटर, आणि मग तो कागदी पिशवीत ठेवून द्यायचा. वाळताना लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जास्त आणि त्रिज्येच्या दिशेने कमी आकसते, त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. ठेवलेल्या जाडीतून तो पुन्हा गोल काढता येतो.

किती आकसेल हे मात्र लाकडागणिक बदलते, आणि ते आधी ठाऊक असल्याचा फार उपयोग होतो. आफ्रिकन पडौक ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत आकारमानात सुमारे ८ टक्के घटते, तर गॅबन एबनी, म्हणजे मध्य आफ्रिकेतील काळे अबनूस, जवळजवळ २० टक्के. पडौकचा कच्चा वाडगा काही महिन्यांनी पिशवीतून काढला तर तो थोडासाच वाकलेला असतो. एबनीचा तेवढाच वाडगा तडकल्यावाचून हाती लागेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही, म्हणून ते लाकूड मी लहान वस्तूंसाठीच वापरते: झाकणाची मूठ, पेटीचे बोंड, लेखणीची दांडी.

वजनाचाही असाच विचार करावा लागतो. २० सेंटीमीटर व्यासाचा आणि ७ सेंटीमीटर उंचीचा गोल ठोकळा पडौकचा असेल तर त्याचे वजन साधारण १.६ किलो भरते आणि कोकोबोलोचा असेल तर २.४ किलो. मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरताना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास असतो. या वेगात असलेला जड ठोकळा पकडीतून सुटला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून पहिली पकड मी नेहमी फेसप्लेटला, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकावरच्या धातूच्या तबकडीला, जाड स्क्रूंनी आवळून घेते आणि दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचा, म्हणजे समोरच्या सरकत्या टेकूचा, आधार देते. बाहेरची बाजू कातून झाल्यावर तळाशी चकच्या, म्हणजे लेथवरच्या पकडीच्या, जबड्यांत बसेल असा आखूड गोल खुंट काढायचा, त्याच्या खांद्याला जबड्यांची तोंडे नीट टेकतात ना हे पाहायचे आणि मगच वाडगा उलटवून आतून पोखरायला घ्यायचा. ठोकळा तोलात येईपर्यंत वेग ५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवते आणि शेवटच्या हलक्या कापांसाठीच तो वाढवते. चेहऱ्यावर पूर्ण झडप, बाह्या मनगटाशी घट्ट, आणि फिरत्या लेथपाशी हातमोजे कधीही नाहीत, कारण हातमोजा अडकला तर तो हातालाही ओढून नेतो.

हत्यारांबाबत एक गैरसमज मला वारंवार आढळतो. लाकूड कठीण आहे म्हणून हत्यार जोराने दाबायचे, असा तो आहे. प्रत्यक्षात जोर लावला की धार घासते, घासण्यातून उष्णता निर्माण होते, आणि पर्पलहार्टसारख्या लाकडात त्या उष्णतेने राळ मऊ होऊन पात्याला चिकटते. मग पाते कापत नाही, नुसते तापते. यावर उपाय पातळ काप आणि ताजी धार हाच आहे. वाडग्यासाठी लागणारी खोल पन्हळीची पटाशी, म्हणजे गाउज, मी साधारण ५५ अंशांच्या उताराला घासते आणि या लाकडांवर ती दर काही मिनिटांनी सहाणेवर नेते. फिकट, मऊ लाकडातून लांबच लांब साली फितीसारख्या उडतात. या लाकडांतून त्या तशा क्वचितच निघतात. आखूड, कुरकुरीत ढलप्या निघत असतील तर धार ठीक आहे. ढलप्यांची जागा भुकटीने घेतली की हात थांबवायचा. कापाचा आवाजही ऐकत राहावा लागतो. उताराचा, म्हणजे धारेलगतच्या तिरप्या घासलेल्या बाजूचा, मागचा भाग लाकडावर नीट टेकलेला असेल तर आवाज सलग येतो. हत्यार थरथरू लागले तर तो तुटक होतो आणि पृष्ठभागावर आवर्ती लाटा उमटतात, ज्या सँडपेपरने काढू म्हटले तरी सहजासहजी जात नाहीत.

शेवटच्या कापांसाठी मी उलट्या उताराचा स्क्रेपर, म्हणजे खरवडून काप घेणारे हत्यार, वापरते. त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना उतार असतो, त्यामुळे धार लाकडात शिरण्याऐवजी त्याच्यावरून अलगद सरकते. मऊ लाकडात हे हत्यार तंतू उपसून टाकते, पण कोकोबोलो, एबनी किंवा ब्लॅकवुड यांवर त्याने काढलेला पृष्ठभाग इतका नितळ येतो, की सँडपेपरची पहिली दोन-तीन अंकांची पाने लागतच नाहीत. पडौकमध्ये मात्र सांभाळावे लागते. त्याचे तंतू आलटून पालटून विरुद्ध दिशांना कललेले असतात, एका पट्ट्यात स्वच्छ कापणारी धार शेजारच्या पट्ट्यात बारीक खड्डे पाडते, आणि तेथे स्क्रेपरपेक्षा तिरका धरलेला गाउजच बरा.

पडौकची खरी ओळख त्याच्या भुशाने होते. ताज्या कापाचा रंग शेंदरी-लाल असतो आणि भुसा त्याहून तेजस्वी. हे झाड टेरोकार्पस कुळगणातले, म्हणजे रक्तचंदनाचे सगोत्र, आणि दोन्हींच्या गाभ्यात सँटालिन जातीची लाल रंगद्रव्ये असतात. ही द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण अल्कोहोलमध्ये सहज उतरतात. त्यामुळे फिकट लाकडाची पट्टी घालून जोडलेला पडौकचा वाडगा स्पिरिटमधल्या लाखेने पुसायला घेतला, तर लाल रंग बोळ्याबरोबर वाहून फिकट पट्टीवर पसरतो. अशा वाडग्यावर मी पहिला थर फवाऱ्याने, अगदी झिरझिरीत देते, तो पूर्ण वाळू देते आणि मगच बोळा फिरवते. सँडपेपर लावतानाही लाल धूळ फिकट लाकडाच्या रंध्रांत बसते. ती फडक्याने पुसली तर आणखी आत जाते, म्हणून दाबाच्या हवेने उडवून लावायची, आणि शक्य तेथे सँडपेपरऐवजी स्क्रेपरनेच काम संपवायचे. इतके करून मिळणारा शेंदरी रंगही टिकाऊ नसतो. उजेडात तो वर्षागणिक गडद होत शेवटी चॉकलेटी तपकिरी होतो. मला तो उतरता रंगही आवडतो, आणि वाडगा कोणाला देताना मी हे आधीच सांगते.

आता कोकोबोलो. मध्य अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडील कोरड्या जंगलांत वाढणारे हे झाड, डाल्बर्जिया रेटुसा, आपल्या परिचयाच्या शिसवाच्या कुळगणातले आहे. मी कातलेल्या लाकडांत इतके देखणे लाकूड दुसरे नाही. पहिल्या कापाला पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे रंग शेजारी शेजारी उघडतात, त्यांतून काळ्या रेषा वळणे घेत जातात, आणि काही दिवसांत हे सारे एका खोल विटकरी छटेत मुरते. वाडग्याच्या तळाशी काळ्या रेषा कशा येतील हे ठोकळ्याच्या बाजूवरून ताडता येते. रेषा तळाला समांतर असतील तर आत एकात एक अशी वलये उमटतात, तिरप्या असतील तर ती एका बाजूला सरकतात. म्हणून ठोकळ्याची कोणती बाजू वर ठेवायची हे ठरवण्यात मी बराच वेळ घालवते. कापताना मसालेदार, किंचित गोडसर गंध सुटतो. ढलप्या तेलकट लागतात आणि मुठीत दाबल्या तर क्षणभर एकमेकींना धरून राहतात. लाकूड इतके दाट आहे, की नुसत्या फडक्याने घासले तरी त्यावर चकाकी येते.

त्याच तेलकटपणात ऑब्ट्युसाक्विनोन नावाचे संयुग असते आणि ते त्वचेची संवेदनशीलता जागी करते. येथे समजून घेण्याची गोष्ट अशी, की ही प्रतिक्रिया बहुधा पहिल्या वाडग्याला येत नाही. शरीर आधी त्या द्रव्याची ओळख करून घेते, तेव्हा वरवर काहीच दिसत नाही, आणि नंतर केव्हातरी तुलनेने थोड्याशा धुळीलाही ते तीव्र प्रतिसाद देऊ लागते. मी पहिल्यापासून श्वसनाचा मास्क वापरत होते, त्यामुळे नाका-घशाला त्रास झाला नाही. पण काही वाडगे निर्वेध पार पडल्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेवर, जेथे घामाने धूळ चिकटून राहते नेमक्या त्याच जागी, खाजरे लाल पुरळ उठले आणि ते बरे व्हायला बरेच दिवस गेले. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, की एकदा जागी झालेली संवेदनशीलता सहसा परत झोपत नाही आणि त्याच कुळगणातील इतर लाकडांनाही ती उत्तर देऊ शकते. दक्षिण अमेरिकेतील पाऊ फेरो हे लाकूड याबाबतीत तर कोकोबोलोहूनही कुप्रसिद्ध आहे. ते मी अद्याप लेथवर घेतलेले नाही आणि घेणारही नाही.

तेव्हापासून कोकोबोलोसाठी कामाची आखणीच बदलली. कोरडे सँडपेपर घासणे जवळजवळ बंद केले. धारदार स्क्रेपरने पृष्ठभाग जमेल तितका नितळ करायचा, आणि उरलेले घासकाम मेण लावून ओलसर ठेवलेल्या सँडपेपरने, लेथ अगदी मंद फिरवून करायचे, म्हणजे धूळ हवेत न उडता मेणातच गाळासारखी धरली जाते. वाडग्याच्या मागे धूळ ओढणाऱ्या यंत्राचे तोंड शक्य तितके जवळ आणायचे, गळ्याशी बंद होणारा अंगरखा घालायचा, काम संपताच अंघोळ करायची आणि तो अंगरखा घरातल्या इतर कपड्यांबरोबर धुवायचा नाही. धुळीचा प्रश्न केवळ या एका लाकडाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली सर्वच लाकडी धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवली, आणि त्यामागचा मुख्य पुरावा नाकाच्या पोकळीतील कर्करोगाचा होता. जी धूळ डोळ्यांना दिसते ती लवकर खाली बसते. दिसत नाही ती तासन्‌तास हवेत तरंगत राहते. म्हणून लेथ बंद केल्याबरोबर मास्क काढण्याची सवय घातक आहे, हे मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगते.

कोकोबोलोला तेल देण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, पण जवस किंवा टंग यांसारखी वाळणारी तेले त्यावर नीट वाळत नाहीत. ही तेले हवेतील प्राणवायू घेऊन साखळी अभिक्रियेने घट्ट होतात, आणि गाभ्यातील फिनॉल संयुगे नेमकी ती साखळी तोडतात. परिणामी पृष्ठभाग आठवडे उलटले तरी चिकट राहतो. झाडाने बुरशीविरुद्ध उभारलेले संरक्षण आपल्या पॉलिशविरुद्धही काम करते, असे म्हणायला हरकत नाही. मेण काढून टाकलेल्या लाखेचा एक पातळ थर मध्ये दिला तर ही अडचण सुटते. बहुतेक वाडग्यांवर मी तेवढेही करत नाही. कापडी चाकावर घासून शेवटी कार्नोबा मेण चढवले की पुरते. लाकडाला बाहेरून चमक आणून देण्याची गरज नसते, त्याची स्वतःची पुष्कळ असते. गोंदाने काही जोडायचे असेल तर जोडाचे दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच जोडावेत, कारण थोड्या वेळाने तेल पुन्हा वर येते.

वेंगेबद्दल थोडक्यात सांगते, कारण माझे त्याच्याशी फारसे जमले नाही. मध्य आफ्रिकेतील या लाकडात काळे कठीण आणि फिकट मऊ असे बारीक पट्टे एकाआड एक असतात. काप घेताना मऊ पट्टे खोल जातात आणि कठीण उंच राहतात, शिवाय त्याची बारीक कुसळे बोटात शिरली तर जखम लवकर चिघळते. सपाट फळ्यांवर ते शोभते. वाडग्यात ते घालावे असे मला वाटत नाही.

याउलट आफ्रिकन ब्लॅकवुडवर मी कितीही वेळ घालवू शकते. डाल्बर्जिया मेलॅनोक्सिलॉन हे त्याचे शास्त्रीय नाव. टांझानिया आणि मोझांबिक या देशांतून ते प्रामुख्याने येते आणि क्लॅरिनेट, ओबो यांसारखी वाद्ये त्यापासून बनतात. घनमीटरला सुमारे १२७० किलो वजनाचे हे लाकूड पाण्यात सरळ बुडते. वाद्यांसाठी निवडलेला निर्दोष भाग काढल्यावर जे आखूड किंवा रेषा वाकड्या असलेले तुकडे उरतात, त्यांतून लहान गोल डब्या सुंदर होतात, आणि या लाकडात एक गोष्ट करता येते जी बहुतेक लाकडांत करता येत नाही: झाकण फिरवून बसवण्यासाठी लाकडातच हाताने आटे पाडता येतात.

डबीसाठी एकाच तुकड्यातून बूड आणि झाकण वेगळे कापायचे, दोन्ही ओबडधोबड पोखरायची आणि काही आठवडे तशीच ठेवायची. आतला भाग काढून टाकल्यावर लाकडातील ताण मोकळा होतो आणि तुकडा किंचित हलतो; तो हलून स्थिरावला नाही तोवर पाडलेले आटे पुढे अडकतात. नंतर झाकणाच्या आत आणि बुडाच्या गळ्यावर इंचाला १६ किंवा २० असे आटे पाडायचे. त्यासाठीचे हत्यार कंगव्यासारख्या दातांचे असते. लेथ मिनिटाला २०० ते ३०० फेऱ्यांवर आणायचा. गळ्याची कड थोडी गोलसर करून हत्यार त्या गोलाईवरून झुलवत आणायचे, म्हणजे पहिला उथळ ओरखडा तिरपा पडतो. दुसऱ्या खेपेला दात त्याच ओरखड्यात आपोआप बसतात, आणि त्यानंतर हाताने ढकलायचे नसते. पाडलेला आटाच हत्याराला पुढे नेतो आणि हाताने फक्त त्याला साथ द्यायची असते. गळ्याच्या मुळाशी आधीच एक खाच कोरून ठेवलेली असते, तेथे पोहोचताच हत्यार मागे घ्यायचे. दर खेपेला आट्यांत बसलेली काळी भुकटी दातांच्या ब्रशने काढावी लागते, नाहीतर पुढच्या खेपेला तीच दाबली जाऊन आट्याची शिखरे तुटतात. मऊ लाकडात ही शिखरे पहिल्याच खेपेला भुगा होऊन पडली असती. ब्लॅकवुडमध्ये ती धातूसारखी स्वच्छ उभी राहतात.

शेवटचा भाग मला सर्वांत आनंद देतो. झाकण पूर्ण आवळले असता त्याच्या रेषा बुडाच्या रेषांशी जुळल्या पाहिजेत, आणि सुरुवातीला त्या जुळत नाहीत. बुडाच्या खांद्यावरून कागदाहून पातळ काप घेतला की झाकण थोडेसे अधिक फिरते. पुन्हा आवळून पाहायचे, पुन्हा एक काप घ्यायचा. रेषा एकमेकींजवळ सरकत येतात, आणि अखेरीस झाकण जेथे थांबते तेथेच त्या जुळतात. एक काप जास्त झाला तर त्या ओलांडून पुढे जातात, म्हणून शेवटी हत्याराऐवजी सपाट फळीवर चिकटवलेला बारीक सँडपेपर वापरणे सुरक्षित. घासताना ब्लॅकवुड आणि एबनी तापू द्यायचे नाहीत. जोरात फिरवून सँडपेपर दाबला तर ज्या टोकाला तंतू आडवे कापलेले असतात तेथे केसासारख्या बारीक चिरा उठतात, आणि काळ्या रंगामुळे त्या पॉलिश चढेपर्यंत दिसत नाहीत.

लिग्नम व्हिटेच्या बाबतीत काम करतानाच त्याचा इतिहास हाताला जाणवतो. १८व्या शतकात इंग्लंडमधले घड्याळकार जॉन हॅरिसन यांनी आपल्या लाकडी घड्याळांत तेल न घालता चालणारे भाग याच लाकडाचे बसवले, आणि १८५४ साली तेथलेच अभियंते जॉन पेन यांनी जहाजाच्या पंख्याच्या दांड्यासाठी याच लाकडाच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. समुद्राचे पाणी आणि लाकडातली राळ एवढेच वंगण त्याला पुरत असे. लेथवर त्याचा काप मेणबत्ती खरवडल्यासारखा सुटतो. सँडपेपर लगेच राळेने भरतो, म्हणून तो फार वापरण्यात अर्थ नाही. त्याच लाकडाच्या ढलप्यांची मूठ फिरत्या वस्तूवर दाबून धरली, की पृष्ठभाग आरशासारखा होतो. ताजा काप पिवळट-तपकिरी असतो आणि उजेडात तो हिरवा होत जातो. मी यातून भोवरे कातते. वस्तुमान जास्त आणि तेही कडेकडे सरकवलेले असल्यामुळे हा भोवरा त्याच आकाराच्या हलक्या लाकडाच्या भोवऱ्यापेक्षा खूप वेळ फिरतो. मोठा वाडगा या लाकडात करावा असे मला वाटत नाही. इतक्या संथ वाढणाऱ्या झाडाचा बहुतांश भाग ढलप्यांत घालवणे मला पटत नाही.

हा विचार या सगळ्याच लाकडांना लागू आहे. वाडगा कातताना ठोकळ्याचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीवर पडतो. १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या आणि १९७५पासून अमलात आलेल्या साइट्स करारात धोक्यातील वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत. ब्राझीलचा शिसव, डाल्बर्जिया नायग्रा, १९९२ पासून त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापार जवळपास बंद असलेल्या यादीत, आहे. कोकोबोलो २०१३ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या यादीत, आला, आणि २ जानेवारी २०१७ पासून नायग्रा सोडून डाल्बर्जियाचा बाकी सबंध कुळगण तेथे आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना आणि एका खेपेत १० किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तूंना सवलत मिळाली, पण न कातलेल्या ठोकळ्याला ती लागू नाही. लिग्नम व्हिटे दुसऱ्या परिशिष्टात आहे. आफ्रिकेतील टेरोकार्पस, म्हणजे पडौकही, २०२२च्या पनामा परिषदेत त्यातच घेतले गेले. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. ठोकळा कोठून आला याचा कागद जो विक्रेता दाखवू शकत नाही त्याच्याकडून मी लाकूड घेत नाही, आणि मोठ्या वाडग्यांसाठी आता पर्पलहार्टच निवडते. कोकोबोलो आणि ब्लॅकवुड वाद्यनिर्मितीतून किंवा जुन्या सामानातून उरलेल्या तुकड्यांच्याच रूपात घेते. आकार त्यामुळे लहान होतात. डब्या, अंगठ्या, बोंडे, लेखण्या एवढेच त्यांतून निघते, आणि तेवढ्यात या लाकडाचे सगळे गुण दिसतात.

वाडगा पूर्ण झाल्यावर तळाचा खुंट काढून टाकते आणि तेथे तापलेल्या टोकाने लाकडाचे व्यवहारातले नाव, शास्त्रीय नाव आणि वर्ष कोरते. सुरुवातीला हे मी केवळ नोंदीसाठी करत असे. पण जांभळा वाडगा तपकिरी झाल्यावर, शेंदरी वाडगा चॉकलेटी झाल्यावर त्यांना पाहून लाकूड ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते, आणि पुढे कधी कोणी तो वाडगा दुरुस्त करायला, नव्याने घासायला घेतला तर आपण कशाची धूळ उडवत आहोत हे त्याला कळायला हवे. म्हणून कोकोबोलोच्या वस्तूंवर मी नावाखाली आणखी दोन शब्द कोरते: धूळ टाळा.